व्हीआरआर मॉनिटरवर परत परत येणारा इनपुट लॅग: फ्रेमची रांग कुठे लागते ते शोधा

इनपुट लॅगची, म्हणजे हाताची हालचाल पडद्यावर उशिरा दिसण्याची, तक्रार बहुतेक वेळा तीनच शब्दांत मांडली जाते: माऊस जड वाटतो. गेम सुरळीत चाललेला असतो, चित्र कुठे फाटत नाही, अडखळत नाही, कोपऱ्यातला फ्रेम काउंटर, म्हणजे सेकंदाला किती चित्रे तयार होतात तो आकडा, १४४ वर स्थिर असतो, आणि तरीही हात थांबल्यावर क्रॉसहेअर, म्हणजे नेम दाखवणारी खूण, क्षणभर पुढे सरकत राहतो. मग खेळाडू बंद खोलीतून मोकळ्या मैदानात येतो, तिथे शत्रूंची गर्दी असते, प्रोसेसरवरचा भार वाढतो, फ्रेम रेट १२० च्या आसपास उतरतो, आणि माऊस एकदम हलका होतो. फ्रेम कमी झाल्या आणि हालचाल मात्र चपळ झाली, ही उलटी वाटणारी गोष्टच दुखण्याचे मूळ सांगून जाते. पण तिच्याकडे लक्ष न गेल्यामुळे खापर व्हीआरआर मॉनिटरवर, म्हणजे फ्रेम रेटनुसार आपला रिफ्रेश रेट बदलणाऱ्या (व्हेरिएबल रिफ्रेश रेट) मॉनिटरवर, फुटते.

मी स्वतः या दुखण्यामागे बरेच दिवस घालवले आहेत. केबल बदलली, माऊस बदलला, विंडोज नव्याने टाकले, आणि प्रत्येक उपायानंतर दोन-तीन दिवस बरे वाटून लॅग पुन्हा परतला. तो परतत होता, कारण मी ज्या वस्तू बदलत होतो त्यांच्यात तो नव्हताच. तयार झालेल्या फ्रेम पडद्यावर जाण्याची वाट पाहत जिथे एकामागोमाग उभ्या राहतात, तिथे तो होता. म्हणून या लेखात सेटिंगची लांबलचक जंत्री देण्यापेक्षा ही रांग कुठे लागते, ती कशी ओळखायची आणि कशी मोडायची, यावरच भर दिला आहे.

व्हीआरआरमुळे लॅग वाढतो का?

ठरावीक रिफ्रेश रेटचा मॉनिटर आपल्या घड्याळाप्रमाणे चित्र बदलतो. ६० हर्ट्झला दर १६.६७ मिलिसेकंदांनी, १४४ हर्ट्झला दर ६.९४ मिलिसेकंदांनी. ग्राफिक्स कार्डाचा वेग या घड्याळाशी जुळत नाही, म्हणून एक तर चित्र मध्येच फाटते, नाही तर व्ही-सिंक लावून कार्डाला पुढच्या ठोक्याची वाट पाहायला लावावी लागते. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले, २०१४ मध्ये व्हेसा या डिस्प्लेची मानके ठरवणाऱ्या संस्थेने डिस्प्लेपोर्ट १.२ए मध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंकचा समावेश केला, एएमडीचे फ्रीसिंक त्याच पायावर उभे राहिले, आणि २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ मध्येही व्हीआरआर आले. या सर्वांची मूळ कल्पना एकच आहे: कार्डाने मॉनिटरची वाट पाहण्याऐवजी मॉनिटरने कार्डाची वाट पाहायची.

वाट पाहणारा बदलला की कार्डाला थांबावे लागत नाही, आणि म्हणूनच आपल्या मर्यादेच्या आत असताना व्हीआरआर स्वतःहून जाणवेल असा लॅग वाढवत नाही. उलट एक फायदाच होतो. कमाल १४४ हर्ट्झच्या बहुतेक मॉनिटरांवर गेम ६० फ्रेमने चालत असला, तरी प्रत्येक फ्रेम वरपासून खालपर्यंत रंगवण्यास सुमारे ६.९ मिलिसेकंदच लागतात. ठरावीक ६० हर्ट्झच्या पडद्यावर त्याच कामाला जवळजवळ १६.७ मिलिसेकंद लागतात. त्यामुळे पडद्याच्या खालच्या भागातले बदल लवकर दिसतात. “स्पर्धात्मक गेम खेळायचा तर व्हीआरआर आधी बंद करा” हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो देताना व्हीआरआर आणि त्याच्या मर्यादेबाहेर काम करू लागणारे व्ही-सिंक या दोन गोष्टींची गल्लत झालेली असते.

काहीही बदलण्यापूर्वी

दोन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली म्हणजे विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट खरोखर कमाल आहे का. १४४ किंवा २४० हर्ट्झचा मॉनिटर महिनोन् महिने ६० वर चालत राहिल्याची उदाहरणे इतकी आढळतात, की ही पायरी सोपी म्हणून वगळू नये. दुसरी म्हणजे व्हीआरआर खरोखर चालू आहे का. ते मॉनिटरच्या मेनूत आणि ड्रायव्हरमध्ये (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), असे दोन्हीकडे चालू करावे लागते. अनेक मॉनिटरांच्या स्वतःच्या मेनूत चालू रिफ्रेश रेट दाखवण्याची सोय असते. गेममध्ये फ्रेम रेट वर-खाली होत असताना तो आकडाही सोबत हलत असेल, तर व्हीआरआर चालू आहे. काही मॉनिटर मात्र तिथे फक्त कमाल आकडा दाखवतात. तशा वेळी एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या डिस्प्ले मेनूतून जी-सिंकचा निर्देशक चालू करून खात्री करता येते.

यानंतर लॅग मोजून ठेवावा. त्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा स्लो-मोशन कॅमेरा आज बऱ्याच फोनमध्ये असतो. फोन स्टँडवर असा लावावा की माऊसवरचे बोट आणि पडदा दोन्ही एकाच चित्रात येतील, गेममध्ये भिंतीकडे तोंड करून बंदूक झाडावी, आणि नंतर व्हिडिओ एक-एक फ्रेम पुढे सरकवत, बटण पूर्ण दाबले गेल्यापासून नळीतून पहिला प्रकाश दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजावे. कॅमेऱ्याची एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. समजा १४ फ्रेम मोजल्या, तर सुमारे ५८ मिलिसेकंद; एखादा बदल केल्यावर त्याच ठिकाणी ८ फ्रेम मोजल्या, तर सुमारे ३३. एका क्लिकवर विसंबू नये. दहा वेळा मोजून सरासरी काढावी, कारण क्लिक फ्रेमच्या नेमक्या कोणत्या क्षणी पडते त्यावर आकडा थोडा मागेपुढे होतो. या पद्धतीने येणारा एकूण आकडा काटेकोर नसतो, पण बदलापूर्वीचा आणि बदलानंतरचा फरक ती प्रामाणिकपणे दाखवते, आणि दुरुस्तीसाठी तेवढेच हवे असते. नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबलो, तर नवीन सेटिंग केल्याच्या समाधानानेच माऊस हलका वाटू लागतो. हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे.

वरच्या टोकाची रांग

मेख इथे आहे, म्हणून इथे सविस्तर थांबतो.

व्हीआरआरची एक कमाल मर्यादा असते. १४४ हर्ट्झचा मॉनिटर दोन फ्रेममध्ये कमीत कमी ६.९४ मिलिसेकंदांचे अंतर मागतो. एखाद्या हलक्या दृश्यात कार्ड त्याहून लवकर फ्रेम तयार करू लागले, की मॉनिटर कार्डाची वाट पाहण्याचे थांबवतो आणि पुन्हा कार्डालाच मॉनिटरची वाट पाहावी लागते. व्ही-सिंक चालू असेल, तर तयार फ्रेम पडद्यावर जागा होईपर्यंत थांबते, तिच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे प्रोसेसरने आखून ठेवलेली तिसरी. पडद्यावर जी फ्रेम दिसते, तिच्यातली माऊसची हालचाल तेव्हा दोन-तीन फ्रेम शिळी झालेली असते. १४४ हर्ट्झला अशा दोन जादा फ्रेम म्हणजे सुमारे १४ मिलिसेकंद, आणि ६० हर्ट्झला त्याच दोन फ्रेम म्हणजे ३३ मिलिसेकंद. बंद खोलीत, भिंतीकडे पाहताना किंवा मेनूत माऊस जड वाटतो आणि मैदानात हलका, याचे कारण हे आहे.

उपाय असा की फ्रेम रेटला मॉनिटरच्या कमाल मर्यादेच्या थोडा खाली लगाम घालायचा. “थोडा” म्हणजे किती, इथे मात्र पुष्कळ जण चुकतात. “कमाल रिफ्रेश रेटमधून ३ वजा करा” हा नियम सगळीकडे सांगितला जातो. ६० हर्ट्झला ५७ ची मर्यादा लावली, तर प्रत्येक फ्रेममागे ०.८८ मिलिसेकंदाची मोकळीक मिळते आणि ती भरपूर आहे. १४४ ला १४१ लावली, तर ती ०.१५ वर येते. २४० ला २३७ लावली, तर उरते फक्त ०.०५ मिलिसेकंद, आणि ३६० ला ३५७ लावली, तर ०.०२. फ्रेम रेटवरचा लगाम इतका अचूक कधीच नसतो. काही फ्रेम ठरल्या वेळेपेक्षा किंचित आधी येतात, मर्यादेला धडकतात, आणि रांग पुन्हा लागू लागते. सरासरी आकडा २३७ दिसतो, म्हणून सारे आलबेल आहे असे वाटते, आणि लॅग मात्र मधूनच डोके वर काढतो.

म्हणून वजाबाकी फ्रेमच्या हिशेबात न करता वेळेच्या हिशेबात करावी. त्यासाठी एक सोपे सूत्र वापरात आहे: रिफ्रेश रेटचा वर्ग करावा, त्याला ३६०० ने भागावे, आणि आलेली संख्या रिफ्रेश रेटमधून वजा करावी. १४४ साठी उत्तर येते १३८, १६५ साठी १५७, २४० साठी २२४, ३६० साठी ३२४. हे आकडे लहान-मोठे दिसत असले, तरी प्रत्येक वेळी मिळणारी मोकळीक जवळजवळ सारखीच, म्हणजे ०.३ मिलिसेकंदाच्या आसपास राहते. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर १६ फ्रेम सोडून देणे अनेकांच्या जिवावर येते. पण २४० आणि २२४ यांच्यातला फरक एका फ्रेममागे ०.३ मिलिसेकंदाचा आहे, तर रांगेतली एक जादा फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. हा व्यवहार नफ्याचाच आहे.

लगाम कुठे लावायचा, यालाही महत्त्व आहे. गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये फ्रेम मर्यादेची सोय असेल, तर ती सर्वांत आधी वापरावी. गेमचे इंजिन माऊसची हालचाल वाचण्यापूर्वीच थांबू शकते आणि थांबणे संपल्यावर ताजी हालचाल वाचून फ्रेम बांधू शकते. ड्रायव्हरमधला किंवा स्वतंत्र प्रोग्रॅमचा लिमिटर हे काम बाहेरून करतो, त्यामुळे साधारणपणे एका फ्रेमपर्यंत जादा विलंब होऊ शकतो. त्याची जमेची बाजू अशी की फ्रेममधले अंतर तो बहुधा अधिक एकसारखे राखतो. गेममधला लिमिटर हेलकावे खात असेल, तर सूत्राने आलेल्या आकड्याच्या आणखी दोन-तीन फ्रेम खाली उतरावे, पण लिमिटर शक्यतो गेममधलाच ठेवावा, असे माझे मत आहे. दोन लिमिटर एकाच आकड्यावर एकाच वेळी चालू ठेवू नयेत. ते एकमेकांशी झगडतात आणि फ्रेममधले अंतर विस्कटते.

व्ही-सिंक चालू की बंद?

हा वाद न संपणारा आहे, म्हणून माझे मत स्पष्ट मांडतो. वर सांगितल्याप्रमाणे लगाम नीट लागलेला असेल, तर गेममधले व्ही-सिंक बंद आणि ड्रायव्हरमधले व्ही-सिंक चालू ठेवावे. फ्रेम रेट मर्यादेच्या आत असताना ड्रायव्हरमधले व्ही-सिंक रांग लावत नाही. एखादी फ्रेम अचानक लवकर आली, तर तेवढ्यापुरती ती सांभाळून घेते. ते बंद ठेवले, तर अशा फ्रेममुळे पडद्याच्या खालच्या भागात चित्र फाटल्याची रेघ कधीकधी दिसते. लगाम न लावता व्ही-सिंक चालू ठेवणे हे मात्र दुखणे स्वतःहून ओढवून घेणे आहे.

याला एक खरा अपवाद आहे. गेम हलका आहे, कार्ड ताकदवान आहे, आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर सेकंदाला ४०० फ्रेम सहज निघतात, अशा वेळी सर्व प्रकारचे सिंक बंद करून फ्रेम मोकाट सोडल्या, तर लॅग सर्वांत कमी मिळतो, कारण पडदा रंगवला जात असतानाच मध्येच नव्या फ्रेमचा तुकडा दिसू लागतो. त्याची किंमत म्हणजे फाटलेले चित्र. ज्यांना ते चालते त्यांनी हा मार्ग निवडावा. पण मग ते व्हीआरआर वापरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

ग्राफिक्स कार्ड पूर्ण भरले की

वरचे टोक सांभाळले, तरी दुसरी रांग वेगळ्याच ठिकाणी लागते. फ्रेम रेट व्हीआरआरच्या मर्यादेत आहे, समजा ११५, पण कार्डाचा वापर ९८-९९ टक्के दिसतो आहे. म्हणजे प्रोसेसर कार्डापेक्षा वेगाने काम करतो आहे आणि कार्डाला जमत नाही इतक्या फ्रेम आखून पुढे ठेवतो आहे. त्या आखलेल्या फ्रेममध्ये माऊसची हालचाल आधीच वाचून झालेली असते. ११५ फ्रेमला एक फ्रेम ८.७ मिलिसेकंदांची, दोन फ्रेम अशा खोळंबल्या, तर १७ मिलिसेकंदांची भर पडते. तोच गेम १०० फ्रेमला रोखला, तर एक फ्रेम १० मिलिसेकंदांची होते, पण कार्डाला श्वास घ्यायला जागा मिळते आणि रांग उरतच नाही. कमी फ्रेममध्ये कमी लॅग मिळतो यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. कॅमेऱ्याने मोजून पाहिले, की बसतो.

व्यवहारात काय करावे? गेममधल्या सर्वांत जड जागी उभे राहून कार्डाचा वापर पाहावा आणि तो ९५ टक्क्यांच्या खाली राहील अशा बेताने फ्रेम मर्यादा ठेवावी, नाही तर सावल्या, प्रतिबिंबे किंवा रिझोल्यूशन कमी करावे. प्रत्येक दृश्यासाठी हे हाताने साधत नाही, म्हणूनच २०२० मध्ये एनव्हिडियाने रिफ्लेक्स आणले. त्यात गेम आणि ड्रायव्हर मिळून प्रोसेसरला अशा बेताने थांबवतात, की कार्ड मोकळे होईल त्याच सुमारास पुढची फ्रेम हाती यावी. गेममध्ये रिफ्लेक्सचा पर्याय असेल, तर तो निःशंकपणे चालू करावा. रिफ्लेक्स, जी-सिंक आणि ड्रायव्हरचे व्ही-सिंक हे तिन्ही एकत्र चालू असले, तर वरच्या टोकाची मर्यादाही आपोआप लागते. १४४ हर्ट्झवर काउंटर १३८ च्या आसपास थांबलेला दिसला, तर ती बिघाडाची खूण समजू नये. एएमडीच्या कार्डांवर याच हेतूने अँटी-लॅग आहे, आणि २०२४ मध्ये आलेले अँटी-लॅग २ गेम बनवणाऱ्यांनाच गेममध्ये अंतर्भूत करावे लागते.

ज्या गेममध्ये यापैकी काहीच नाही, तिथे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमधला लो लेटन्सी मोड (त्याची वरची पायरी म्हणजे अल्ट्रा) उपयोगी पडतो. मात्र डायरेक्टएक्स १२ आणि व्हल्कन या ग्राफिक्स प्रणालींवर चालणाऱ्या गेममध्ये रांग किती लांब ठेवायची हे गेमच ठरवतो, त्यामुळे तिथे हा पर्याय लागू होत नाही. “अल्ट्रा लावले, तरी फरक पडला नाही” या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

फ्रेम जनरेशनचा मुद्दाही इथेच येतो. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये कृत्रिम फ्रेम घालायची, तर नवी खरी फ्रेम थोडा वेळ रोखून धरावीच लागते. म्हणजे काउंटर वाढतो, पण लॅग घटत नाही, उलट वाढतो. व्हीआरआरच्या मर्यादेशी याची गाठ पडली, की आणखी एक अडचण उभी राहते. १४४ हर्ट्झवर एकूण फ्रेम १३८ ला रोखल्या गेल्या आणि त्यांतल्या निम्म्या कृत्रिम असल्या, तर खऱ्या फ्रेम ६९ च उरतात. गेम मुळात ९० फ्रेमने चालत असेल, तर फ्रेम जनरेशन चालू केल्याने खऱ्या फ्रेम २१ ने घटल्या आणि माऊस जड झाला. अशा गेममध्ये ते बंद ठेवावे. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर मात्र त्याला जागा पुरते.

विंडोज मध्ये येते तेव्हा

बॉर्डरलेस विंडोत चालणारा गेम कधी थेट पडद्यावर जातो, तर कधी विंडोजच्या डेस्कटॉप रचणाऱ्या भागातून फिरून जातो. दुसऱ्या वाटेने गेला, तर एखाद्या फ्रेमचा उशीर होतो आणि व्हीआरआरही लागू न होण्याची शक्यता असते. विंडोज ११ मध्ये ग्राफिक्स सेटिंगखाली विंडोत चालणाऱ्या गेमसाठी ऑप्टिमायझेशनचा पर्याय आहे. तो डायरेक्टएक्स १० आणि ११ च्या गेमना थेट वाटेने पाठवतो, म्हणून चालू ठेवावा. जी-सिंकच्या सेटिंगमध्येही फक्त फुल स्क्रीनसाठी की विंडोसाठीसुद्धा, असा पर्याय असतो. जुन्या गेममध्ये शंका असेल, तर खरा फुल स्क्रीन निवडावा. गेमच्या चित्रावर दिसणारे चॅटचे किंवा रेकॉर्डिंगचे ओव्हरले एक-एक करून बंद करून पाहावेत. शेजारच्या दुसऱ्या मॉनिटरवर व्हिडिओ चालू असतानाच लॅग येत असेल, तर तो व्हिडिओ थांबवून पुन्हा मोजावे.

मॉनिटरचा स्वतःचा वाटा

खोक्यावर छापलेले “१ मिलिसेकंद” हे पिक्सेल एका छटेतून दुसऱ्या छटेत किती वेगाने जातो याचे माप असते. सिग्नल आत आल्यापासून पिक्सेल बदलू लागेपर्यंत मॉनिटर किती वेळ घेतो, हे त्यातून मुळीच कळत नाही, आणि इनपुट लॅगमधला मॉनिटरचा वाटा प्रामुख्याने तिथे असतो. चांगले गेमिंग मॉनिटर हे काम फार थोड्या वेळात उरकतात, पण चित्र सुधारण्यासाठी दिलेल्या सोयी त्यात भर घालू शकतात. चित्रातला दाणेदारपणा कमी करणे (नॉइज रिडक्शन), डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, काही मॉनिटरांवर लोकल डिमिंग, या सोयी एकेक बंद करून मोजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. टीव्ही वापरत असाल, तर गेम मोड लावल्यावाचून पुढे जाऊच नये. हालचाल गुळगुळीत करणाऱ्या सोयीला मधली चित्रे बनवण्यासाठी पुढची फ्रेम हाती येईपर्यंत थांबावे लागते आणि तिथे विलंब कित्येक दहा मिलिसेकंदांत जातो.

ओव्हरड्राइव्हबद्दल, म्हणजे पिक्सेल लवकर बदलावेत म्हणून मॉनिटर त्यांना देतो त्या जादा रेट्याबद्दल, एक इशारा. १४४ हर्ट्झला अचूक वाटणारे तीव्र ओव्हरड्राइव्ह व्हीआरआरमध्ये रेट ७० वर उतरताच वस्तूंच्या मागे उजळ सावल्या सोडते; ते कमी केले, तर वस्तूंच्या मागे धूसर शेपूट दिसते. दोन्ही प्रकारांत डोळ्यांना चित्र मागे पडल्यासारखे वाटते आणि त्यालाही लॅग म्हटले जाते. तो लॅग नव्हे. कॅमेऱ्याच्या मोजणीत फरक दिसत नसेल आणि डोळ्यांना मात्र जाणवत असेल, तर ओव्हरड्राइव्हची मधली पायरी लावून पाहावी.

खालचे टोक

व्हीआरआरला खालची मर्यादाही असते, पुष्कळ मॉनिटरांवर ती ४८ हर्ट्झ आहे. फ्रेम रेट त्याखाली गेला, की तीच फ्रेम दोनदा दाखवून रेट पुन्हा मर्यादेत आणला जातो. ४५ फ्रेमला मॉनिटर ९० हर्ट्झवर चालतो. पण यासाठी कमाल मर्यादा किमानच्या दुपटीहून जास्त असावी लागते. ४८ ते ७५ एवढाच पल्ला असलेल्या मॉनिटरला हे जमत नाही, आणि ४८ च्या खाली उतरताच तो जुन्या व्ही-सिंकसारखा अडखळू लागतो. अशा मॉनिटरवर ग्राफिक्स सेटिंग कमी करून फ्रेम रेट ५५ च्या वर ठेवणे, याला पर्याय नाही.

माऊसबद्दल थोडक्यात: पोलिंग रेट १२५ असेल, तर माऊस दर ८ मिलिसेकंदांनी आपली स्थिती कळवतो, १००० असेल तर दर १ मिलिसेकंदाने. वायरलेस माऊसचा रिसीव्हर संगणकाच्या मागे धातूच्या आड न ठेवता लहान एक्स्टेन्शन केबलने माऊसजवळ आणावा.

बरे झालेले दुखणे परतते तेव्हा

सगळे नीट झाल्यावर काही आठवड्यांनी माऊस पुन्हा जड वाटू लागला, तर नवे कारण शोधण्याआधी जुनी सेटिंग जागेवर आहेत का ते पाहावे. ड्रायव्हर क्लीन इन्स्टॉल केला, की कंट्रोल पॅनेलमधले व्ही-सिंक आणि फ्रेम मर्यादा दोन्ही मूळ स्थितीला जातात. गेमच्या मोठ्या अपडेटनंतर गेममधले व्ही-सिंक आपोआप चालू झालेले किंवा फ्रेम मर्यादा “अमर्याद” झालेली आढळते. एखाद्या गेमसाठी ड्रायव्हरमध्ये स्वतंत्र प्रोफाइल केलेले असेल, तर त्यातली सेटिंग सर्वसाधारण सेटिंगवर मात करतात, आणि आपण बदल भलत्याच ठिकाणी करत बसतो. मॉनिटरच्या मेनूत फॅक्टरी रीसेट झाला असेल, तर व्हीआरआरच बंद असू शकते. केबल काढून दुसऱ्या पोर्टला लावली असेल, तर रिफ्रेश रेट गुपचूप ६० वर आलेला असू शकतो.

यासाठी मी एक साधी सोय करून ठेवली आहे. लॅग घालवून मोजणी पक्की झाली त्या दिवशी मॉनिटरच्या मेनूचे, ड्रायव्हरच्या पानाचे, विंडोजच्या रिफ्रेश रेटचे आणि प्रत्येक गेमच्या व्हिडिओ सेटिंगचे फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवले, आणि त्याच फोल्डरमध्ये कॅमेऱ्याने मोजलेली सरासरीही लिहून ठेवली. आता शंका आली, की आधी पुन्हा दहा क्लिक मोजतो. आकडा तोच आला, तर काहीही बदलत नाही. वाढलेला आला, तर फोटो समोर ठेवून एकेक पान ताडून पाहतो.